कूलरपुढचा रियाज
विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडणार म्हटल्यावर बुडणाऱ्या तासिकांची चर्चा सुरू झाली. वर्ध्याला चिकटलेल्या नालवाडीत मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो. तिथे हा निर्णय कुणाला वेगळा समजावून सांगायला नको. मला काळजी वाटते ती गाणे शिकणाऱ्या मुलामुलींची. गांधर्व महाविद्यालय मंडळाची एप्रिल-मेची परीक्षा आटोपली की क्लास थंडावतात. “सुटीत रियाज सोडू नको,” एवढे सांगून गुरुजी गावाला जातात आणि प्रवेशिका किंवा मध्यमाचा विद्यार्थी जूनअखेरपर्यंत आपल्या गळ्यासोबत एकटा उरतो.

या एकट्या रियाजाचा खरा शत्रू आळस आहे असे पालकांना वाटते. माझ्या मते तो कूलर आहे.

कूलरची हवा गळ्याला वाईट नाही. वैशाखाच्या कोरड्या झळांत ती ओलावा देते, एसी तो काढून घेतो. स्वरतंतूंवरचा ओलावा घटला की तोच सूर लावायला फुप्फुसांतून जास्त दाब द्यावा लागतो. अडचण आहे ती घरघरीची. फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की कानावर गोंगाट पडत असला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला ते कळतही नाही. कूलरपुढे बसून गाणारी मुलगी अशीच, स्वतःला न कळता, ओरडून गात असते. तिचा षड्ज काळी चारचा असेल तर मध्य सप्तकातल्या ‘सा’वर स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आपटतात, तार षड्जावर त्याच्या दुप्पट. अर्धा तास अखंड ‘सा’ लावला तर ही संख्या पावणेचार लाखांच्या घरात जाते. यातली प्रत्येक टक्कर गरजेपेक्षा जोरात झाली, तर सुटी संपेपर्यंत गळ्याचे काय होईल?

त्यात तानपुरा मोबाइलमधला. काळी एकमध्ये गाणाऱ्या मुलाच्या खर्जाच्या तारेची कंपने सेकंदाला ६९ च्या आसपास असतात. एवढा खालचा नाद फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही. वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात आणि तेही घरघरीत बुडतात. ज्या आधारावर सूर तोलायचा तोच ऐकू येत नसेल, तर कान काय शिकणार? म्हणून पहाटे, घर निजलेले असताना, कूलर बंद करून बसावे. फोनला बरा स्पीकर जोडावा. पाणी तासभर आधीपासून थोडे थोडे प्यावे, कारण घोट अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतूंना तो थेट लागत नाही.

गुरू नसताना काय गावे, याचे उत्तर मला मोगूबाई कुर्डीकरांच्या तरुणपणात सापडते. गोव्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई तेव्हा सांगलीत राहत. इनायत खाँ पठाण यांनी त्यांची तालीम अचानक थांबवली. मोगूबाई, वय विशीच्या आतच, मिळालेले तेवढेच घरात पुन्हा पुन्हा घोटत राहिल्या. उपचारांसाठी सांगलीत आलेले अल्लादिया खाँ त्या रस्त्याने जात, तो रियाज ऐकत. एक दिवस ते घरात आले आणि आपण होऊन शिकवायला तयार झाले. गाण्याच्या घरांत ही हकीकत नशिबाची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरेच दिसते: खाँसाहेबांनी रस्त्यावरून जे ऐकले त्यात नवे काहीच नव्हते. जुनाच पाठ होता, पण तो कसा गायला जात होता हे त्यांच्या कानाला कळले.

म्हणून यूट्यूबवरून नव्या बंदिशी उचलण्याच्या मी ठाम विरोधात आहे. चुकीची जागा गळ्यात एकदा बसली की ती काढण्यात गुरुजींचा पावसाळा जातो. त्यापेक्षा खर्ज, आकार, संथ पलटे आणि वर्गात झालेला एकच राग, भूप किंवा यमन. कंटाळा येईल म्हणता? मेरुखंडाच्या रीतीने सात स्वरांच्या ५०४० मांडण्या होतात, आणि भूपात तर पाचच स्वर असल्याने त्या १२०. एवढ्या एका सुटीत नीट पाहून होतात. रोज पाच मिनिटे ध्वनिमुद्रित करावीत आणि ती दुसऱ्या दिवशी ऐकावीत. गाताना कान स्वतःची बाजू घेतो, दुसऱ्या दिवशी घेत नाही. याच नालवाडीत विनोबा डिसेंबर १९३२ मध्ये राहायला आले आणि केवळ सूत कातून पोट भरते का, हे त्यांनी स्वतःवर तपासून पाहिले. आपल्या कामाचे रोजचे माप आपणच घ्यायचे, ही शिस्त रियाजालाही हवी.

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे प्रकरण मात्र नाजूक आहे. आवाज फुटतो तो अनेकदा नेमका याच सुटीत. षड्ज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो, मधले सूर लागेनासे होतात, आणि मुलगा घाबरून जुन्याच पट्टीत ताणून गातो. अशा वेळी आईवडिलांनी त्याला थांबवावे. जो ‘सा’ सहज लागेल त्या पट्टीत, पंधरा मिनिटे, हलक्या आवाजात गाऊ द्यावे. बाकी वेळ त्याने ऐकण्यात घालवावा. गुरुजी परतले की त्यांनी आधी त्याची नवी पट्टी ठरवावी, पुढचा राग नंतर.