माणसे टिकवायची तर सेठने आधी स्वतःला घडवावे

कारागीर टिकत नाहीत, ही आज मदनपुरा, नागपाडा, डोंगरीपासून परळ-लालबागपर्यंतच्या प्रत्येक कारखानदाराची तक्रार आहे. मुलगा शागीर्द म्हणून येतो, दोन-तीन वर्षांत हात बसतो आणि ईदची सुट्टी घेऊन गावी गेलेला तो परत येतो शेजारच्या कारखान्यात. सेठ म्हणतात, जमाना बदलला, माणसात वफादारी राहिली नाही. या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच मुंबईत, त्याच गल्ल्यांत, काही कामे अशी चालतात की जिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. ती का टिकतात, हे व्यापारी बंधूंनी एकदा नीट पाहिले पाहिजे.

गिरगावचा धडा

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. ते दिले होते छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांनी. लोक त्यांना छगनबापा म्हणत. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे तयार झाली आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकली गेली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हीच पुढे 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' झाली. 'लिज्जत' हा शब्द आपल्या ओळखीचाच आहे. अरबी 'लज्जत' गुजरातीत जाऊन लिज्जत झाला. हे नाव १९६२ साली ठरले, १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली. आज संस्थेत चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया आहेत, देशभर शाखा आहेत आणि उलाढाल हजार कोटींच्या पुढे गेली आहे.

यात जादू कोणती? यंत्र नाही, मोठे कर्ज नाही, परदेशी शिक्षण नाही. पहिला नियम असा की देणगी घ्यायची नाही, स्वतःच्या मेहनतीवर उभे राहायचे. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. काम थांबले नाही. अडचण आली तेव्हा त्यांनी नशिबाला किंवा एकमेकींना दोष दिला नाही, तोडगा काढला. माणसाच्या वाढीची सुरुवात इथूनच होते.

आता त्यांच्या कारभारातील चार गोष्टी पाहू. त्या पापडाला लागू आहेत तशाच बॅग, जरी, फर्निचर, बेकरी, गॅरेज या आपल्या धंद्यांनाही लागू आहेत.

१. नियम आधी स्वतःला

संस्थेत लाटणारी प्रत्येक स्त्री 'भगिनी' आहे, नोकर नाही. संस्था चालवणाऱ्या संचालिका आणि अध्यक्षासुद्धा याच भगिनींमधून येतात. त्यामुळे पीठ कसे मळावे, पापड किती पातळ असावा हे सांगणारीचा हात स्वतः त्या कामातून गेलेला असतो.

आपल्याकडे काय घडते? कारागिराने नऊला यावे आणि सेठने साडेअकराला. कारागिराचा आवाज चढला तर तो उद्धट, सेठचा चढला तर तो धाक. आपला दीन नफ्सवर काबू ठेवायला शिकवतो. ही शिकवण मशिदीत ठेवून गल्ल्यावर बसता येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन व्यापार केला आणि मक्केतील लोक त्यांना 'अल-अमीन' म्हणत. ही ओळख भाषणाने मिळाली नव्हती, रोजच्या वागण्याने मिळाली होती.

रागाची किंमत पैशातही मोजता येते. समजा, जुना कारागीर दिवसाला १२ बॅगा शिवतो. तुमच्या एका शब्दाने तो गेला. नवा माणूस पहिले दोन महिने ६ च बॅगा काढतो. ५० दिवसांच्या कामात ३०० बॅगा कमी निघाल्या. एका बॅगेमागे २० रुपये सुटत असतील तर ६,००० रुपये बुडाले. बिघडलेला माल आणि उशीर झाल्याने गेलेले गिऱ्हाईक वेगळेच.

२. हिशेब उघडा ठेवा

छगनबापांनी या बायकांना दोन गोष्टी बजावल्या होत्या : मालाचा दर्जा एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. सुरुवातीला स्वस्त आणि महाग असे दोन प्रकारचे पापड काढण्याचा विचार होता. त्यांच्या सल्ल्याने तो सोडला. नफा-तोटा सगळ्या भगिनींचा, म्हणून हिशेब पाहण्याचा हक्कही सगळ्यांचा.

आपल्या कारखान्यांत बहुतेक भांडणे होतात ती उचलीवरून. कारागीर म्हणतो पाच हजार घेतले, सेठ म्हणतो आठ. दोघांकडे कागद नाही. प्रत्येक कारागिराला एक छोटी वही द्यावी. नगाचा दर, केलेले नग, घेतलेली उचल, दिलेली मजुरी हे दोघांसमोर लिहून दोघांनी सही किंवा अंगठा करावा. मजुरी ठरल्या दिवशी द्यावी. मजुराचे पैसे लटकवू नयेत, हे आपल्या धर्मात निक्षून सांगितले आहे. कुरआनच्या ८३ व्या सूरहचे नावच 'मुतफ्फिफीन', म्हणजे मापात मारणारे, असे आहे. कारागिराच्या नगांच्या मोजणीत कपात करणारा त्यातून सुटत नाही.

३. मश्वरा करा

लिज्जतमध्ये निर्णय सर्वसंमतीने होतात. एका भगिनीचा आक्षेप असला तरी तो ऐकावा लागतो. आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. कुरआनच्या ४२ व्या सूरहचे नाव 'शूरा' म्हणजे सल्लामसलत आहे. आठवड्यातून एकदा, जुम्म्याच्या नमाजनंतर, पंधरा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे. कोणता माल परत आला, का आला, कोणते मशीन त्रास देते, हे विचारावे. सेठने कमी बोलावे. कारागिराने चूक दाखवली तर त्याच्यावर डाफरू नये. एकदा डाफरलात की पुढच्या जुम्म्याला सगळे गप्प बसतील.

४. दुसऱ्याला मोठे होऊ द्या

दादर स्टेशनवर डब्यांची अदलाबदल करणारे डबेवाले आपण रोज पाहतो. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले. त्यांच्यात मुकादम असतो, पण तो अनुभवाने पुढे आलेला डबेवालाच असतो आणि माणूस कमी पडला तर स्वतः डबा उचलतो. एकजण आजारी पडला म्हणून गिऱ्हाईक उपाशी राहत नाही. २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या, डबे बंद झाले, अनेकजण गावी गेले आणि संख्या पुष्कळ घटली. तरीही परत आलेल्यांनी काम पुन्हा उभे केले, कारण व्यवस्था एका सेठच्या डोक्यात नव्हती, सगळ्यांच्या हातात होती.

आपले कारखाने मात्र एका माणसावर चालतात. कापड कुठून आणायचे, कोणाकडे किती बाकी, डिझाइन कसे कापायचे, हे फक्त सेठला ठाऊक. सेठ आजारी पडले की शटर खाली. शिकवले तर पळून जाईल, ही भीती आम्हाला समजते. पण न शिकवताही तो जातोच, आणि ज्याला वाढायला जागा मिळते तो थांबण्याचा संभव अधिक असतो. एका भरवशाच्या कारागिराला खरेदीला सोबत न्या, हिशेब दाखवा, नफ्यात थोडा वाटा द्या. भागीदारीचे मुदारबा, मुशारका हे प्रकार आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. करार मात्र लेखी करा.

एक गोष्ट राहिली. लिज्जतमध्ये सुरुवातीला लहान मुलीही कामाला येत. पुढे किमान वय १८ ठरवले गेले. आपल्या काही कारखान्यांत अजूनही कोवळी मुले दिसतात. १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणे गुन्हा आहे, आणि त्याची शाळा हिरावून घेणे हा त्याच्यावरचा जुलूम आहे. ज्या सेठला हे दिसत नाही, त्याने चांगल्या टीमची अपेक्षा करू नये.

व्यापारी बंधूंनो, यासाठी बँकेचे कर्ज लागत नाही. या महिन्यात दोनच कामे करा : उचलीच्या वह्या सुरू करा आणि जुम्म्याची बैठक घ्या. सहा महिन्यांनी किती माणसे गेली आणि किती राहिली ते मोजा. सेठ बदलला तर कारखाना बदलेल, इन्शाअल्लाह.