धाप, भीती आणि संवादचिकित्सा

तळोज्याच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवून किंवा रायगडातील एखाद्या खेड्यात चुलीच्या धुरापुढे निम्मा जन्म काढून उतारवयात नवीन पनवेलच्या सिडको वसाहतीत स्थिरावलेल्या, सीओपीडी या श्वासनलिका अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन फुप्फुसविकाराच्या रुग्णास जिना चढताना धाप लागते, ही गोष्ट घरच्यांस दिसते. परंतु त्या धापेमागोमाग येणारी 'आता जीव जातो' ही भीती, आणि तिच्यापायी बाजार, देऊळ, सोयऱ्यांकडील कार्य एकेक सुटत जाऊन मनावर दाटणारे नैराश्य, यांची नोंद केसपेपरावर क्वचितच होते.

वस्तुतः धाप आणि भीती यांचा संबंध शारीरिकच आहे. अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून हवा बाहेर पडण्यास वेळ लागतो. भीतीने श्वासाची गती वाढली, की उच्छ्वास पुरा होण्यापूर्वीच पुढचा श्वास घेतला जातो, छातीत हवा कोंडत जाते, श्वासपटल सपाट होऊन त्याचे बळ घटते, आणि अशा रीतीने वाढलेली धाप मूळच्या भीतीस खरी ठरवते. पुढे हालचालच टाळल्यामुळे पायांचे स्नायू दुबळे होतात व अल्प श्रमानेही दम लागू लागतो.

1960 च्या दशकात अमेरिकेत आरन बेक यांनी मांडलेली विचार व वर्तन यांवरील संवादचिकित्सा नेमकी येथे उपयोगी पडते. प्रत्येक धाप प्राणघातक नसते हे रुग्ण स्वानुभवाने पडताळतो, ओठ आवळून सावकाश उच्छ्वास सोडण्यास शिकतो, आणि टाकून दिलेली कामे बेताबेताने पुन्हा हाती घेतो. न्यूकॅसल येथील 279 रुग्णांच्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात श्वसनविकारांच्या परिचारिकांनी दिलेल्या या चिकित्सेने केवळ माहितीपत्रके दिलेल्यांपेक्षा चिंता अधिक ओसरली. ब्रिटनमधीलच 'टँडेम' प्रयोगात मात्र असा लाभ आढळला नाही. सबब ही चिकित्सा कोणास व किती द्यावी हे पारखूनच ठरवले पाहिजे, आणि इनहेलर व फुप्फुसांचा व्यायाम तिच्यासाठी सोडता कामा नये.

इतके मानसोपचारतज्ज्ञ आणावेत कोठून, या रास्त शंकेस गोव्याने उत्तर दिले आहे. तेथील 'संगाथ' संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतून 2013 ते 2015 या काळात निवडलेल्या 493 नैराश्यग्रस्तांपैकी ज्यांना प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या 6 ते 8 बैठका मिळाल्या, त्यांच्यातील 64 टक्के तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. इतरांत हे प्रमाण 39 टक्के होते. हे समुपदेशक मानसोपचारातील पदवीधर नव्हते. ते रुग्ण सीओपीडीचे म्हणून निवडलेले नसले, तरी मार्ग स्पष्ट आहे: पनवेलच्या सरकारी इस्पितळांत छातीच्या विकारांच्या बाह्यरुग्ण विभागातच अशा प्रशिक्षित परिचारिकेची व समुपदेशकाची तजवीज व्हावी, आणि श्वास तपासताना प्रत्येक रुग्णास त्याची भीती, झोप व उमेद यांविषयीही विचारले जावे. ही तजवीज होईपर्यंत कुटुंबीयांनी 14416 या 'टेली-मानस' मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकाचा निःसंकोच आधार घ्यावा. मनाचा इलाज मागणे हा रुग्णाचा दुबळेपणा नसून श्वासाच्या उपचाराचाच आवश्यक भाग आहे.