ध्वज व जातिविषमता : सातारा–सांगली परिसर

ध्वज हे सत्तेचे, पंथाचे वा पक्षाचे दृश्य चिन्ह होय. त्याचा अर्थ मात्र केवळ रंग वा आकार यांवरून ठरत नाही. तो कोणी, कोठे आणि कोणाच्या संमतीने उभारला, यावरही तो अवलंबून असतो. एकाच ध्वजात समाजाच्या एका थरास पूर्वजांचा पराक्रम दिसतो, तर दुसऱ्या थरास त्याच काळातील आपल्या अवहेलनेची आठवण होते. कृष्णाखोऱ्यातील सातारा व सांगली हे जिल्हे मराठी राज्याची राजधानी, पटवर्धनांची जहागीर, सत्यशोधक चळवळ आणि प्रतिसरकार या सर्वांचे क्षेत्र असल्याने तेथे हा अर्थभेद विशेष स्पष्टपणे अभ्यासता येतो.

अशा अर्थभेदाचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कॉन्फेडरेट ध्वज. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या सैन्याने यादवी युद्धात (१८६१–६५) वापरलेले हे निशाण पराभवानंतर नाहीसे झाले नाही. १९४८ मध्ये वंशभेदाच्या समर्थकांनी ते राजकीय चिन्ह म्हणून पुढे आणले आणि १९६० नंतरच्या दशकात, कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना, साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर ते फडकत राहिले. चार्ल्सटन येथील प्रार्थनामंदिरात १७ जून २०१५ रोजी नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यानंतर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते विधानभवनाच्या आवारातून उतरविण्यात आले. मिसिसिपी राज्याने २०२० मध्ये आपल्या ध्वजातून ते वगळले. समर्थकांच्या मते हा वारसा होय; कृष्णवर्णीयांच्या मते ती धमकी होय. या प्रश्नाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. जोतीराव फुले (१८२७–९०) यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांनी गुलामगिरी (१८७३) हा आपला ग्रंथ, निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. तथापि ही तुलना मर्यादेतच करावयास हवी. भगव्या झेंड्याखालील राज्य जातिदास्य टिकविण्याकरिता स्थापन झालेले नव्हते. त्या राज्याच्या उत्तरकाळात जातिनिर्बंध कठोर झाले, ही गोष्ट निराळी. साम्य आहे ते चिन्हाच्या नंतरच्या इतिहासात.

भगवा रंग मुळात काव किंवा गेरू यांचा, म्हणजे संन्याशाच्या वस्त्राचा. वारकऱ्यांच्या खांद्यावरील पताकाही त्याच रंगाची असते. ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या सातारा जिल्ह्यातील गावांवरून पंढरपुरास जाते. तीत सर्व जातींचे लोक पताका घेऊन चालत आले आहेत. तरीही अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरपूरच्या मंदिराचे दार १९४७ पर्यंत बंद होते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते उघडले. पताका समान आणि प्रवेश असमान, ही स्थिती राजकीय ध्वजांच्या बाबतीतही पुढे आढळते. मराठी राज्यात भगव्याखेरीज जरीपटका हे आणखी एक निशाण होते. ते छत्रपतींकडून सेनानीस मिळत असे व मोहिमेत त्यास मोठा मान असे.

साताऱ्याच्या इतिहासातील ध्वजारोहणाचा सर्वांत विलक्षण प्रसंग फेब्रुवारी १८१८ मधील आहे. दुसरा बाजीराव पळत असताना छत्रपती प्रतापसिंह (१७९३–१८४७) यांस त्याने आपल्याबरोबर छावणीत ठेवले होते. इंग्रज फौजेने १० फेब्रुवारी रोजी साताऱ्याचा किल्ला (अजिंक्यतारा) घेतला. प्रथम त्यावर इंग्रजांचे निशाण चढले. परंतु लगेच ते उतरवून शिवाजी महाराजांचा भगवा झेंडा समारंभपूर्वक उभारण्यात आला. जेम्स ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) ही हकीकत दिली आहे. दुसऱ्याच दिवशी एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. पेशव्यांविरुद्ध छत्रपतींचे नाव वापरून मराठा सरदारांस फोडणे, हा या कृतीचा हेतू उघड आहे. अर्थात, स्वराज्याचे निशाण परक्या सत्तेच्या हुकमाने चढले. त्याच झेंड्याखाली प्रतापसिंहांनी कर्तबगारीने राज्य केले. पण १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांस पदच्युत करून काशीस पाठविले आणि त्यांचे बंधू शहाजी १८४८ मध्ये औरस पुत्रावाचून मृत्यू पावल्यावर दत्तक नामंजूर करून ते राज्य खालसा केले.

ध्वज छत्रपतींचा असला, तरी धर्मकृत्यांत त्यांचा वर्ण कोणता याबद्दलच वाद होता, ही बाब सहसा विसरली जाते. कलियुगात ब्राह्मण व शूद्र असे दोनच वर्ण उरले आहेत; सबब भोसल्यांची कृत्ये वेदमंत्रांनी न करता पुराणमंत्रांनी करावीत, असा आग्रह पुष्कळ शास्त्रीमंडळी धरीत. प्रतापसिंहांच्या कारकीर्दीत १८३० च्या सुमारास या प्रश्नावर साताऱ्यास वादविवाद झाले. विरोधकांच्या अग्रभागी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. म्हणजे आजच्या दोन जिल्ह्यांची ही दोन राजस्थाने याच प्रश्नावर एकमेकांसमोर उभी होती. प्रत्यक्ष राजाची ही अवस्था असताना गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हक्काचा विचार या वादात कोणीच केला नाही, हेही नमूद केले पाहिजे. गावच्या सीमेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. गावाची राखण, सांगावा पोचविणे, सारा कचेरीत नेणे ही त्याची वतनी कामे होती. पण वेशीच्या आत घर बांधण्याचा त्यास अधिकार नव्हता. ही वतने मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली.

शिवाजी महाराजांची प्रतिमा व पर्यायाने भगवा झेंडा यांचे दोन भिन्न अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. फुल्यांनी आपल्या पोवाड्यात (१८६९) त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून रंगविले. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १८९६ पासून साजरा होऊ लागलेल्या उत्सवात त्यांना परकीय सत्तेविरुद्धच्या राष्ट्रीय व धार्मिक अस्मितेचे रूप मिळाले. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक जलशांनी पहिला अर्थ खेडोपाडी नेला. १९१९–२१ या काळात तेथील कुळांचा ब्राह्मण जमीनदारांशी उघड संघर्ष झाला. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. चळवळीचा एकूण लाभ मात्र मुख्यतः मराठा–कुणबी शेतकऱ्यांस झाला. भूमिहीन अस्पृश्यांपर्यंत तो फारच थोडा पोचला.

याच साताऱ्यात भीमराव आंबेडकर यांचे बालपण गेले. त्यांच्या मातोश्री भीमाबाईंचे निधन तेथेच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी तेथील सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते व २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०१ मध्ये भावंडांसह वडिलांकडे गोरेगावला जाताना मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर एकजण तयार झाला. वाटेत पाणी मात्र कोणी दिले नाही. आंबेडकरांनी ही हकीकत आत्मकथनपर टिपणांत स्वतः लिहून ठेवली आहे.

स्वातंत्र्यचळवळीत भगव्याची जागा तिरंग्याने घेतली. बिळाशी (शिराळा) येथील १९३० च्या जंगल सत्याग्रहात जंगलातील साग तोडून त्याच्या खांबावर राष्ट्रध्वज चढविण्यात आला व गावातील स्त्रियांनी त्याभोवती पहारा दिला. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज व इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज येथे ९ सप्टेंबरच्या मोर्चात हाती तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे गोळीबारात हुतात्मा झाले. नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार (१९४३–४६) हे याच लाटेचे पुढचे रूप. जातिनिरपेक्ष नागरिकत्वाचा दावा करणारे हे या परिसरातील पहिलेच निशाण म्हणता येईल. १९४७ मध्ये राष्ट्रध्वज ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीत आंबेडकर हेही एक सदस्य होते. चरख्याच्या जागी त्यात अशोकचक्र आले.

दलितांचे स्वतंत्र निशाण म्हणजे निळा झेंडा. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन (१९४२) व पुढे रिपब्लिकन पक्ष (१९५७) यांनी तो स्वीकारला. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्याच्या जोडीस बौद्धांचा पंचरंगी ध्वज आला. या चळवळीचे सर्वांत मोठे स्मारक या दोन जिल्ह्यांत नसून पुणे जिल्ह्यातील कोरेगाव भीमा येथे आहे. तेथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईच्या वेळी प्रतापसिंह पेशव्यांच्या छावणीत होते, हे वर आलेच आहे. विजयी कंपनी सरकारने उभारलेल्या स्तंभावर कामी आलेल्या महार शिपायांचीही नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकरांनी तेथे भेट दिल्यापासून तो अस्पृश्यांच्या पराक्रमाचे प्रतीक मानला जाऊ लागला. दोन्ही सैन्यांत अनेक जातींचे लोक होते. त्यामुळे ती लढाई केवळ जातींची होती असे इतिहासदृष्ट्या म्हणता येत नाही. पण ज्यांच्या पूर्वजांची नावे अन्यत्र कोठेही कोरली गेली नाहीत, त्यांच्या दृष्टीने हा आक्षेप गौण ठरतो. १ जानेवारी २०१८ रोजी, द्विशताब्दीच्या दिवशी, तेथे दगडफेक व जाळपोळ होऊन एकाचा मृत्यू झाला. त्यावेळी भगवे व निळे झेंडे परस्परविरोधी म्हणून सर्वत्र दाखविले गेले.

त्याआधी, कोपर्डी (अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथील अत्याचार व हत्येनंतर २०१६ मध्ये मराठा समाजाचे प्रचंड मूक मोर्चे निघाले. सातारा व सांगली येथील मोर्चेही त्यांत होते. भगवे झेंडे घेतलेल्या या मोर्चांत गुन्हेगारांस शिक्षा, आरक्षण व अनुसूचित जातिजमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात (१९८९) बदल, या मागण्या एकत्र आल्या. पहिल्या मागणीबाबत दुमत नव्हते. दुसरीमागे तुकडेबंद होत गेलेली शेती व शिक्षित तरुणांची बेकारी ही खरी कारणे होती. तिसरीने मात्र दलित समाजात भीती निर्माण केली. ज्या गावांत फिर्याद नोंदविणेच कठीण, तेथे कायदा सैल होण्याचा अर्थ त्यास नीट ठाऊक होता. सातारा जिल्ह्यातील कुळकजाई येथे २००७ मध्ये शेतात विहीर खोदणाऱ्या एका दलित शेतकऱ्याची हत्या झाली व खटल्यातील आरोपी पुढे सत्र न्यायालयात निर्दोष सुटले. पाण्याचा हा प्रश्न झेंड्यांच्या वादात क्वचितच चर्चिला जातो.

अलीकडील वाद झेंड्यापेक्षा कमानींवरून अधिक झाले आहेत. मिरज येथे सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील कमानीवरील अफजलखानवधाच्या चित्रावरून हिंदु–मुस्लिम दंगल झाली. मिरज तालुक्यातीलच बेडग येथे आंबेडकरांच्या नावाची स्वागतकमान बांधली जात होती. जून २०२३ मध्ये, बांधकाम विनापरवाना असल्याचे सांगून, ती पाडण्यात आली. ग्रामसभेची संमती होती असे दलित रहिवाशांचे म्हणणे होते. जुलैमध्ये अनेक कुटुंबे घरांना कुलपे लावून, मुलाबाळांसह मुंबईकडे पायी निघाली. कमान हा गावात शिरण्याचा मार्ग. त्यावर कोणाचे नाव असावे हा प्रश्न म्हणूनच झेंड्याच्या प्रश्नापेक्षा अधिक झोंबणारा ठरतो. गावातील इतर कमानींना, मंदिरांना वा पुतळ्यांना परवाने होते काय, अशी विचारणा अशा प्रसंगी हटकून होते आणि तिचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

चिन्हे व नावे यांबाबत शासनानेही काही पावले उचलली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्या व रस्ते यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे सुचविण्यात आली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सु. ११·८ टक्के आहे. ग्रामीण भागात त्यांतील बहुसंख्य कुटुंबे शेतमजुरीवर अवलंबून असून त्यांच्या वस्त्या बव्हंशी मूळ गावठाणाच्या कडेलाच आहेत. कृष्णाकाठच्या बागायती गावांत ऊसतोडणी व कारखान्यांमुळे काही रोजगार मिळतो. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून मुंबई–पुण्याकडे जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे.