एकाच मंदिरातले दोन ‘सदैव’

आज आपण इजिप्तमधल्या फिली बेटावर, इसिस देवीच्या मंदिरात जाऊ. तिथल्या एका दरवाजावर इसिसच्या पुजाऱ्याने इ.स. 394 मध्ये चित्रलिपीत लेख कोरला. त्या लिपीतला आपल्याला ठाऊक असलेला हा शेवटचा लेख. आपले शब्द सदैव राहोत, अशी त्याची इच्छा.

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने मंदिर बंद करवलं. बिशप थिओडोर यांनी स्तंभमंडपाचं चर्च केलं. भिंतीवर ग्रीक अक्षरं आली: क्रूस जिंकला, तो सदैव जिंकतो.

आता आपण विचारू या, जिंकल्यावर पुन्हा ‘सदैव’ कशाला? कारण त्याच भिंतींवर जुने देव अजून उभे होते. काहींच्या आकृती छिन्नीने खरवडल्या, पण भिंत तीच राहिली. असा लेख नुसती माहिती देत नाही, तो जागेवर हक्क सांगतो. आणि हक्क मोठ्याने सांगावा लागतो तिथे आधीच्या मालकाची आठवण शिल्लक असतेच.

1970च्या दशकात, धरणाच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी, मंदिराचा दगड न् दगड जवळच्या अगिल्किया बेटावर हलवला. दोन्ही ‘सदैव’ एकत्रच गेले.