पाच किलोचा मासा धरला अन् परत नदीत सोडला! अमेरिकेतल्या नदीवरचे 'गाईड' असं का करतात?

माझा भाचा अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. गेल्या फेब्रुवारीत त्यानं घरच्यांना एक व्हिडिओ पाठवला आणि तो फिरत फिरत आमच्या गावच्या ग्रुपवर आला. व्हिडिओत भाचा होडीत बसलाय, पाऊस पडतोय, गळाला मासा लागलाय. दहा मिनिटं ओढाताण करून मासा होडीजवळ आणला. चांगला हातभर लांब, चांदीसारखा चकचकीत, पाच किलोच्या वरचा. होडीवाल्यानं तो जाळीत घेतला, पाण्यातच ठेवून गळ काढला आणि सोडून दिला!

ग्रुपवर एकच गलका झाला. "डोकं फिरलंय का याचं?" "दोन घरांचं कालवण झालं असतं." त्यात कुणीतरी सांगितलं की या एका दिवसाचे त्यानं अडीचशे डॉलर मोजले होते, म्हणजे आपले वीस हजारांच्या वर. मग तर विचारूच नका. आमचे तात्या म्हणाले, "वीस हजार देऊन मासा सोडायचा? त्यापेक्षा मला दे, मी विहिरीत सोडतो."

मलाही कळेना. रविवारी भाच्याला फोन लावला. तास-दीड तास बोललो, नंतर वाचून, व्हिडिओ बघून आणखी माहिती काढली. ती तुमच्यासाठी इथं देतोय. शेवटी विषय आपल्या ओढ्यापर्यंत येतो, म्हणून पुरतं वाचा.

सालमन आणि स्टीलहेड: समुद्रातून घरी येणारे मासे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन आणि वर अलास्का ही राज्यं आहेत. या किनाऱ्याच्या नद्यांत सालमन नावाचा मासा जन्मतो. नदीच्या वरच्या अंगाला, गार पाण्यात, गोट्यांच्या खाली मादी हजारो अंडी घालते. पिल्लं थोडी मोठी झाली की नदीनं खाली वाहत समुद्रात जातात. तिथं दोन-चार वर्षं खाऊन पिऊन मोठी होतात आणि मग अंडी घालायला परत येतात. तेही कुठल्याही नदीत जात नाहीत, ज्या नदीत जन्मले त्याच नदीत येतात. आपल्या नदीच्या पाण्याचा वास त्यांना ओळखू येतो असं शास्त्रज्ञ सांगतात.

नदीत शिरल्यावर सालमन खाणंच जवळजवळ बंद करतो. अंगातल्या चरबीवर धबधबे, खडक चढत वर जातो, अंडी घालतो आणि मरतो. सालमनच्या पाच मुख्य जाती तिथं आहेत. सगळ्यात मोठा चिनूक. अलास्कातल्या केनाई नदीत १९८५ साली गळाला लागलेला चिनूक ४४ किलोचा होता, तो आजही विक्रम आहे.

स्टीलहेड हा त्यांचा भाऊबंद. आपण ट्राउट मासा ऐकलाय, काश्मीर-हिमाचलात असतो. त्यातल्या रेनबो ट्राउटपैकी जो समुद्रात जाऊन परत नदीत येतो, तो स्टीलहेड. हा मात्र अंडी घालून मरतोच असं नाही. वाचला तर परत समुद्रात जातो आणि पुन्हा अंडी घालायला येऊ शकतो. भाच्यानं धरला तो हाच. ऐन थंडीत चढतो, गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो. म्हणून हौशी लोक त्याच्यासाठी वेडे.

गाईड करतो तरी काय?

भाचा गेला होता विल्सन नावाच्या नदीवर, पोर्टलंडपासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. सकाळी उजाडायच्या आत घाटावर हजर. गाईड पन्नाशीतला, त्या भागातच वाढलेला. होडी त्याची, गळाच्या काठ्या त्याच्या, आमिष त्याचं. आमिष म्हणजे काय, तर मीठ लावून मुरवलेली माशाचीच गाभोळी!

होडीला तिकडं 'ड्रिफ्ट बोट' म्हणतात. बूड सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली, त्यामुळं कमी पाण्यातून, खडकांमधून निघते. ही पद्धत ओरेगनमधल्याच मॅकेंझी नदीवर तयार झाली. गाईड मधे बसून वल्ही मारतो, पण पुढं जायला नाही. प्रवाह होडीला खाली नेतच असतो, हा उलटं वल्हवून तिला धरून ठेवतो, म्हणजे गळ डोहावरून सावकाश जावा. गिऱ्हाईक पुढं बसतं. कुठल्या दगडामागं मासा विसावा घेतो, कालच्या पावसानं पाणी किती गढूळ झालंय, आज कुठल्या रंगाचं आमिष चालेल, हे सगळं गाईडच्या डोक्यात. आपल्याकडं जुना भोई डोह बघून सांगायचा ना, तसंच.

सकाळी एका ठिकाणी होडी पाण्यात टाकली की दुपारी दहा-बारा किलोमीटर खाली निघते. मग वरची गाडी खाली कोण आणणार? त्यासाठी गावातली माणसं असतात. गिऱ्हाईक पाण्यावर असताना ती गाडी आणि ट्रेलर खालच्या घाटावर नेऊन लावतात आणि त्याचे पैसे घेतात. शिवाय गळाचं सामान विकणारी दुकानं, सकाळी सहाला उघडणारं हॉटेल, मुक्कामाच्या खोल्या. एका माशामागं एवढ्या घरांची चूल पेटते.

पण कुणीही उठून गाईड होत नाही. ओरेगनमध्ये सरकारकडं नोंदणी लागते, विमा लागतो, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण लागतं. गिऱ्हाइकालाही मासेमारीचा परवाना काढावा लागतो. वर सालमन-स्टीलहेडसाठी वेगळं कार्ड. मासा ठेवला तर तो तिथंच, त्याच वेळी कार्डावर नोंदवायचा. घरी जाऊन नाही.

मग सोडला का? पाठीवरचं पर बघा

सालमन-स्टीलहेडच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडं एक लहानसं मऊ पर असतं. ओरेगन-वॉशिंग्टनमध्ये सरकारी मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिल्लं नदीत सोडताना त्यांचं हे पर कापतात. त्यामुळं मोठा होऊन परत आलेला मासा हातात आला की लगेच कळतं. पर नाही, म्हणजे केंद्रातला. हंगाम चालू असेल तर ठरलेल्या संख्येत, बहुतेक नद्यांवर दिवसाला दोन, ठेवता येतो. पर शाबूत आहे, म्हणजे नदीतच जन्मलेला रानमासा. तो बहुतेक नद्यांवर सोडावाच लागतो, नाहीतर दंड. वॉशिंग्टन राज्यात तर सोडायचा सालमन-स्टीलहेड पुरता पाण्याबाहेर काढायलाही बंदी आहे. फोटो काढायचा तरी मासा पाण्यातच पाहिजे.

भाच्याच्या माशाचं पर शाबूत होतं. भाचा म्हणाला, "मामा, मी गाईडला विचारलं, वाईट नाही वाटत? तर तो म्हणाला, ही मादी वर जाऊन अंडी घालेल. चार वर्षांनी तू परत आलास तर तुला काहीतरी धरायला नको का?"

म्हणजे बघा. या माणसाचा धंदाच सोडलेल्या माशावर चालतो. मारून विकला तर मासा एकदाच पैसे देतो. नदीत राहिला तर दरवर्षी गिऱ्हाईक आणतो.

ही अक्कल ठेच लागल्यावर आली

अमेरिकेतले लोक पहिल्यापासून शहाणे होते असं समजू नका. तिथल्या कोलंबिया नदीत पूर्वी वर्षाला एक कोटीहून जास्त सालमन-स्टीलहेड चढत असत असा अंदाज आहे. किनाऱ्यावर मासे डब्यात भरायचे कारखाने निघाले, बेसुमार मासेमारी झाली. जंगलं तुटली. मग धरणं आली. १९३८ साली बॉनविल धरण झालं. त्याला माशांसाठी पायऱ्या-पायऱ्यांची पाण्याची वाट ठेवली. मासा एकेक पायरी उडी मारत धरण चढतो आणि तिथं काचेच्या खिडकीतून माणसं एकेक मासा मोजतात. रोजचा आकडा इंटरनेटवर येतो. पण पुढं वरच्या अंगाला ग्रँड कुली हे अजस्र धरण झालं, त्याला अशी वाटच नाही. त्याच्या वरचा सगळा मुलूख सालमनला कायमचा बंद झाला.

सगळ्यात जास्त नुकसान झालं तिथल्या मूळ आदिवासींचं. कोलंबियावर सेलाइलो नावाचा धबधबा होता. हजारो वर्षं आदिवासी तिथं लाकडी मचाणावर उभं राहून जाळीनं सालमन धरायचे. १९५७ साली डॅलस धरणाचं पाणी चढलं आणि धबधबा काही तासांत बुडाला. धरणात गेलेली गावं आपल्याला नवीन नाहीत, त्यामुळं हे दुःख काय असतं ते वेगळं सांगायला नको.

आदिवासींनी जमिनी देताना १८५० च्या दशकात करार केले होते, त्यात नदीवर मासे धरायचा हक्क राखला होता. त्यावर ते कोर्टात भांडले. १९७४ साली वॉशिंग्टन राज्यातल्या खटल्यात न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांत निम्मा वाटा आदिवासींचा. तेव्हापासून मासे किती, कुणी, कधी धरायचे हे ठरवताना आदिवासींना विचारावंच लागतं.

मासा गेला की धंदा गेला

कॅलिफोर्नियात काय झालं ते बघा. दुष्काळ पडला, नद्यांचं पाणी आटलं आणि तापलं. सालमनला गार पाणी लागतं. परतणारे मासे इतके घटले की २०२३ साली समुद्रातली सालमनची मासेमारी सरकारनं पूर्ण बंद केली. सॅक्रामेंटो आणि क्लामथ या मोठ्या नद्यांवरही बंदी आली. २०२४ सालीही तेच. गाईडची होडी, नोंदणी, विमा सगळं जागेवर, पण धरायला मासाच नाही. कुणी दुसऱ्या माशाकडं वळलं, कुणी दुसरं काम धरलं.

याच क्लामथ नदीत २००२ साली सप्टेंबरमध्ये पाणी कमी आणि गरम झाल्यानं रोग पसरून तीस हजारांहून जास्त मासे मेले होते. काठावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. तिथल्या आदिवासींनी त्यानंतर वीस वर्षं लढा दिला. शेवटी २०२४ साली त्या नदीवरची चार धरणं पाडून पुरी झाली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सालमन धरणांच्या जागेच्याही वर पोचलेला दिसला. शंभरावर वर्षांनी!

सगळ्यांना हे पटतं असंही नाही

धरून सोडण्यावर तिकडंही वाद आहे. काही आदिवासी म्हणतात, खायचं नसेल तर अन्नाशी खेळू नये. तेही चूक म्हणता येत नाही. सोडलेल्यातले काही मासे नंतर मरतातही. म्हणून आकडा नसलेला गळ, गाठी नसलेली जाळी, ओले हात, पाणी जास्त तापलं तर गळ टाकायचाच नाही, असे नियम आणि रिवाज पाळतात. केंद्रातल्या माशांवरूनही भांडण आहे. ते रानमाशात मिसळले तर पुढची पिढी कमजोर होते, असं बरेच अभ्यासक म्हणतात.

आता आपल्या ओढ्याकडं

आपल्याकडं सालमन नाही. पण चढणीचे मासे कुणाला माहीत नाहीत? मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आलं की मासे उलटे वर चढतात. कशाला? अंडी घालायलाच. लहानपणी मीही कंदील आणि पोतं घेऊन रात्री ओढ्यात उतरलोय. प्रत्येक मासा गाभोळीनं भरलेला. आम्ही गाभोळी तळून खाल्ली आणि खूश झालो. आज त्याच ओढ्यावर माझी मुलं गेली तर बोटाएवढी चार चिंगळं मिळत नाहीत. भाच्याचा गाईड जे सोडतो, नेमकं तेच आम्ही पोत्यात भरत होतो. त्यात आता ब्लीचिंग पावडर आणि सुरुंगाची दारू आली. एका धमाक्यात पिल्लांसकट डोह साफ. विष टाकून आणि दारू उडवून मासे मारायला १८९७ च्या इंग्रजांच्या कायद्यापासून बंदी आहे, तरी हे चालतंच.

आपला महाशीर तर सालमनच्या तोडीचा मासा. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराची शास्त्रात पहिली नोंद केली. त्या नदीची आजची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. पण लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात गेली कित्येक दशकं महाशीराची पिल्लं तयार होतात. आणि महाडजवळ वाळणकोंडीला तर कायद्याचीही गरज पडली नाही. तिथल्या डोहातले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. लोक लांबून ते बघायला येतात.

म्हणून मला वाटतं, गाईड आणि होडी नंतरची गोष्ट. आधी एवढं करता येईल. गावातला एक डोह ठरवायचा, तिथं वर्षभर कुणी जाळं टाकायचं नाही. चढणीच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांत गाभोळीचा मासा धरायचा नाही. आणि पावडर, दारूवाला दिसला तर ग्रामसभेत नाव घ्यायचं, मग तो आपला भाऊबंद का असेना.

हे मी ग्रुपवर टाकलं. दिवसभर कुणी काही बोललं नाही. रात्री तात्यांचा मेसेज आला, "आपला मळ्याखालचा डोह धर. पण आधी तुझ्या घरातलं जाळं बाहेर काढ." जाळं माळ्यावर आहे खरं. येत्या ग्रामसभेला घेऊन जाणार आहे.