पायाखालची जमीन (लेखांक 7) : गाळाचा भराव

मागच्या आठवड्यात आपण मुरमापाशी थांबलो होतो. रस्ता उंच करायचा असो, सखल जागा भरायची असो की पुलाच्या तोंडाशी चढ घ्यायचा असो, आपल्याकडे पहिली नजर जाते ती टेकडीकडे. पोकलेन लागतो, लालभडक कडा उघडी पडते, डंपरची रांग लागते. कोकणात जाताना अशा अर्ध्या खाल्लेल्या टेकड्या दिसल्या की मला दर वेळी वाईट वाटतं. कारण त्याच किनाऱ्यावर बंदरांतला गाळ उपसून लांब समुद्रात टाकला जात असतो आणि राज्यातल्या औष्णिक केंद्रांजवळ राखेचे तलाव भरत असतात. भराव हवा म्हणून डोंगर फोडायचा आणि भरावाजोगं जे हाताशी आहे ते फेकायचं, हे मला पटत नाही.

गाळ म्हटल्यावर अनेकांना 2017 साली सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आठवेल. पण तो गाळ गोड्या पाण्यातला. शेतात पसरला की पीक तरारून येतं. बंदरातला गाळ खारा, तो शेतात टाकला तर जमीन जायची. भरावात तरी तसाच चालेल का? तिथेही नाही. ओंजळीत घेतला तर तो बोटांच्या फटींतून निसटतो, कारण त्यात अर्ध्याहून अधिक पाणीच असतं. कण इतके बारीक की मध्ये अडकलेलं पाणी निघायला वर्षं लागतात, आणि तोवर वरची जमीन खचत राहते.

या चिखलाचं काय करायचं, याचं उत्तम उत्तर जपानमध्ये नागोयाजवळ पाहायला मिळतं. नागोया बंदर नद्यांच्या मुखाशी आहे, त्यामुळे तिथला गाळ सतत उपसावा लागतो. तोकोनामे शहरासमोर समुद्रात भराव घालून विमानतळ बांधायचं ठरलं, तेव्हा बंदरातला हाच गाळ वापरला गेला. 80 लाख घनमीटरहून जास्त! विमानतळ फेब्रुवारी 2005 मध्ये सुरू झाला.

त्यांची रीत फार देखणी आहे. चिखल लांब नळीतून पाठवायचा आणि त्याच नळीत दाबाखालची हवा सोडायची. मग चिखल सलग वाहत नाही. एक चिखलाचा गोळा, मग हवा, पुन्हा गोळा, अशी माळ तयार होते. नळीत सिमेंटही सोडलेलं असतं. पुढे ढकलला जाताना प्रत्येक गोळा नळीच्या भिंतीला घासतो आणि आतल्या आत घुसळला जातो. वेगळा मिक्सर लागतच नाही, नळीच मिक्सर होते. सिमेंट किती? घनमीटरभर चिखलाला पन्नास-साठ किलो, म्हणजे साधारण एक पोतं. भिंत बांधायला हे काहीच नाही, पण जमीन व्हायला पुरतं. दुसऱ्या टोकाला चिखल बाहेर पडतो तेव्हा तो पातळच दिसतो. पुढच्या काही आठवड्यांत तो जागच्या जागी घट्ट होतो.

पण सिमेंट स्वस्त नाही, आणि ते करताना भट्टीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळाच. म्हणून जपानी अभियंत्यांनी पुढचा प्रश्न विचारला : सिमेंटमधला जो चुना चिखल घट्ट करतो, तो दुसरीकडून मिळेल का? पोलाद करताना जो स्लॅग निघतो, त्यात चुना भरपूर असतो. गाळात 20 ते 30 टक्के स्लॅग मिसळला की तो आधी पाणी शोषतो. मग त्यातला चुना मातीतल्या सिलिकाला धरतो आणि चिखल हळूहळू आवळत जातो. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती आठवा. घाण्यात मळलेला चुना आणि भाजलेल्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी. भिंत धरून ठेवणारी किमया तीच, इथे फक्त सुरखीच्या जागी समुद्राचा चिखल आहे.

हाच स्लॅग आपल्याकडेही रस्त्यात आला आहे. पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातला सुमारे 80,000 टन प्रक्रिया केलेला स्लॅग मुंबई-गोवा महामार्गाच्या एक किलोमीटरच्या टप्प्यात वापरला गेला. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं तंत्र, आणि जानेवारी 2024 मध्ये तो टप्पा खुला झाला. ‘प्रक्रिया केलेला’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. ताज्या स्लॅगमधला मोकळा चुना पाणी प्यायला की फुगतो आणि वरचा रस्ता उचलून टाकतो. त्याला आधी पाण्या-वाफेने फुगू द्यायचं, निवू द्यायचं, मगच रस्त्यात घालायचं. ज्याला घाई आवरत नाही त्याने स्लॅगला हात लावू नये.

राखेचंही तसंच. दिल्लीत यमुनेवरच्या दुसऱ्या निजामुद्दीन पुलाच्या जोडरस्त्याचा भराव 1.8 किलोमीटर लांब आणि सहा ते नऊ मीटर उंच आहे. त्यात इंद्रप्रस्थ औष्णिक केंद्राच्या तलावातली सुमारे दीड लाख घनमीटर राख आहे. राख मातीहून हलकी, म्हणून खालच्या कच्च्या जमिनीवर ओझं कमी. पण ती उघडी राहिली तर वारा उडवतो, पाऊस वाहून नेतो. म्हणून पोटात राख आणि अंगावर मातीचं जाड अस्तर, मध्ये मध्ये मातीचे थर, आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. 1999 च्या केंद्रीय अधिसूचनेपासून राख वापरणं बंधनकारक झालं. ते फार चांगलं झालं.

मात्र वापरणं आणि टाकणं यांत फरक आहे. रात्री सखल प्लॉटवर उघडी राख ओतून वर वीतभर मुरूम पसरला, तर तो भराव नव्हे. राखेत आर्सेनिकसारखी द्रव्यं असू शकतात, कारखान्यांच्या खाडीतल्या गाळात जड धातू आणि तेल असू शकतं. विहीर जवळ असेल तर ते पाण्यात झिरपण्याची भीती असते. म्हणून आधी नमुना प्रयोगशाळेत, नंतर डंपर. आणि ज्या गाळात विष निघेल तो स्वस्त पडतो म्हणून घरांखाली घालायचा नाही, तो बंदिस्त जागीच ठेवायचा.

प्लॉट घेताना आपण सातबारा पाहतो, रस्ता पाहतो, पाण्याची सोय विचारतो. जागा भरावाची असेल तर आणखी एक गोष्ट हक्काने विचारा : खाली काय घातलंय, किती थरांत दाबलंय आणि तपासणीचा कागद कुठे आहे? कागद नसेल तर कोपऱ्यात पुरुषभर खड्डा घेऊन पाहा. करडी भुकटी, काळा चिखल की तांबडी माती, हे डोळ्यांनीच दिसतं.

(पुढच्या आठवड्यात : भराव खचतो तेव्हा)