पेशींचे टपाल : संशोधन, आशा आणि सावधगिरी

आपल्या शरीरातील पेशी एकमेकींशी अखंड व्यवहार करीत असतात. त्यासाठी त्या आपल्याच पातळ आवरणात प्रथिने आणि आरएनए भरून अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. या पिशव्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांतील लहान प्रकार, एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचा असतो. केसाच्या जाडीत असे शेकडो एक्झोसोम ओळीने मावतील.

तांबड्या रक्तपेशी परिपक्व होताना नको असलेली प्रथिने या पिशव्यांतून बाहेर टाकतात, असे १९८३ मध्ये मॉन्ट्रियल आणि सेंट लुईस येथील संशोधकांनी दाखविले. त्यामुळे पुढे बराच काळ त्यांना पेशींचा केरकचराच समजले गेले. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी सिद्ध केले की, एका पेशीने धाडलेला आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन कार्य करतो. कचरा मानलेली वस्तू टपाल ठरली.

या टपालातून उपचार साधता येईल काय, याचा शोध आपल्या महाराष्ट्रातही चालू आहे. तरुण आधारपेशींच्या पुटिका दिल्यास उंदरांच्या वृद्ध रक्तजनक मूलपेशींची कार्यक्षमता सुधारते, असे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडले. जिवाणूंच्या पुटिकांचा उपयोग तर प्रत्यक्षात आला आहे. मेनिंगोकोकस-बी जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावरील, २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या लसीत त्या वापरल्या आहेत.

परंतु उंदरावरील यश म्हणजे माणसावरील उपचार नव्हे. केस, त्वचा, गुडघे यांसाठी 'एक्झोसोम'च्या जाहिराती आज सर्रास दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच अशा अमान्य उत्पादनांविषयी जाहीर इशारा दिला होता. नेब्रास्का राज्यातील काही रुग्णांना त्यांमुळे गंभीर अपाय झाला होता.

कळवणहून नाशिक-मुंबईस उपचारासाठी जाणारी कुटुंबे अनेकदा शेत गहाण टाकून पैसा उभा करतात. त्यांनी आधी विचारावे : या उपचारास शासनमान्यता आहे काय? प्रयोग असल्यास देशाच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीतील त्याचा क्रमांक कोणता? आणि तो प्रयोग असेल, तर रुग्णाकडून औषधाचे पैसे का मागितले जात आहेत? आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने हे प्रश्न आपल्या वाडी-वस्तीपर्यंत पोहोचवावेत.